घशातली ढेप

५ सप्टेंबर २००६, मंगळवार

शिक्षक दिन. अकरावी ‘ब’ने टेबलावर गुलाबांचा ढीग घातला. दुपारी कॉलेजसमोरच्या बंगल्याची मालकीण आली तेव्हा गुलाबांचा पत्ता लागला. फुलं परत मागत नव्हती, ‘हेच शिकवता का’ एवढंच विचारत होती. जीवशास्त्र शिकवते म्हटलं. 

संपादकांचा फोन. ‘टोचणी’ (माझं दर आठवड्याचं सदर) उद्या सकाळी हवी. गेल्या आठवड्यातली भा. सां.ना झोंबली म्हणे. भा. सा. म्हणजे भाऊसाहेब, दिग्रसातल्या निम्म्या जिनिंगांचे मालक नि उरलेल्या निम्म्यांचे मार्गदर्शक. मी लिहिलं होतं, कापसाच्या गाडीवर बसलेली माशीसुद्धा त्यांच्या काट्यावर आली की हलकी होते. एवढंच. माशीची बदनामी झाली असेल तर दिलगीर आहे.

संध्याकाळी गावाहून वयनीचा फोन. कपिली गाय कालपासून खात नाही, पीत नाही. तोंडाला फेस, मान लांब करून उभी. घोगरं हंबरते. सरकीच्या ढेपेचा खडा घशात अडकला असेल म्हणून दादानं जबडा फाकवून कोपरापर्यंत हात घातला. दोनदा. काही लागलं नाही हाताला. गाव म्हणतं, बीटी कपाशीचा पाला खाल्ला. यंदा गावात काहीही झालं की बीटीनं. सरपंचाची मेहुणी पळाली तीसुद्धा.

६ सप्टें., बुध.

फोनवर वयनीनं गोठ्याच्या दारात नेऊन रिसीव्हर धरला. (वायर लांब आहे त्यांची.) हंबरणं ऐकलं. गाय वाटत नव्हती. फुटक्या भोंग्यातून कुणी हाक मारावी तसं, थांबून थांबून.

‘टोचणी’ दिली. विषय: मोठे पाहुणे येणार म्हणून रंगवलेले रस्त्याकडेचे दगड. बरी जमली. आवाज डोक्यातून जाईना.

७ सप्टें., गुरु.

कपिली गेली. शेवटी खांबाला टकरा देत होती. मीठ घालून पुरलीसुद्धा. गुरांच्या डॉक्टरचा कंपाउंडर येऊन ‘विषबाधा’ सांगून गेला.

विषबाधा नाही ती. तासाला उभी असताना एकदम डोक्यात उजेड पडला, फळ्यावर फुलाचं चित्र अर्धं राहिलं. ढेप अडकलीच नव्हती. गिळायची नसच बंद पडली होती. फेस, घोगरा आवाज, टकरा. बारावीच्या पुस्तकात रेबीजला एक परिच्छेद आहे, शेजारी कुत्र्याचं चित्र. गायीचं चित्र नाही, म्हणून गायीला होत नाही असं सगळा तालुका धरून चालतो. पुस्तक शिकवणारीही त्यात आली.

वयनीला विचारलं, कुत्रं कुठलं आलं होतं का. आखाडीच्या सुमारास एक पिसाळलेलं गोठ्यांतून फिरून गेलं, शेजारच्यांच्या म्हशीच्या वगारीला चावलं. कपिलीला? ‘कोनं पाह्यलं बाई.’

आणि दादाचा हात? उजव्या मनगटावर दात ओढला गेलाय. त्यानं राखेनं घासून धुतलं.

राखेनं.

८ सप्टें., शुक्र.

रजा टाकली. पुसदवरून महागाव, पुढे वडापची जीप. दादा ओट्यावर बसलेला, हाताला हळद. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, पण लहानपणापासून भांडायला बरोबरीचा.

“मले कुत्र्यानं चावलं काय?”

“नाही.”

“मंग गाय चावली?”

“नाही. तूच तिच्या तोंडात हात घातला.”

“हां. म्हंजे हल्ला मी केला. सुई गायले द्या लागत होती, शाले.”

वयनी हसली नाही, म्हणून मीही नाही हसले.

समजावलं. विष चावण्यात नसतं, लाळेत असतं. जखम असली की पुरे. तो म्हणे, सारं गाव ढोरांच्या तोंडात हात घालते, ढेप अडकतेच, एवढ्यानं मरत असते तं पोळ्याले बैलं धुवाले मानसं उरली नसती.

शेवटी सौदा झाला. पिसाळलेल्याचा संसर्ग झाला की सात विहिरींत वाकून पाहायचं, ही इथली रीत. वयनीचा तिच्यावर विश्वास, माझा सुईवर. दादाचा कशावरच नाही. आज विहिरी, उद्या सुई असं ठरलं. विहिरी त्यानं लगेच कबूल केल्या, कारण विहीर टोचत नाही. पण गावात पाणी असलेल्या चारच. बाकीचं गाव बोअरवर. तीन विहिरींसाठी मोटरसायकलवर शेजारच्या गावाला. मी मागे बसून. प्रत्येक काठावर तो वाकायचा, आत पाहायचा, ‘हाये, मीच हाये’ म्हणायचा.

इतक्या लवकर काही दिसत नसतं, हे मला माहीत आहे. तरी पाणी पाहून तो दचकतो का, तेच सातही वेळा पाहत होते. शास्त्राची पदवीधर!

९ सप्टें., शनि.

पहिली सुई. सरकारीत लस नाही, म्हणून एका खाजगी डॉक्टरकडे. जखम साबणानं धुतली, उशिरा का होईना. जखमेत भरायचं ते सीरम कुठेच नाही. या गावानं सांगितलं त्या गावाला विचारा, त्यानं सांगितलं तिसऱ्याला, तिसऱ्यानं पहिल्याला. वर्तुळ पूर्ण झाल्यावर बस पकडली.

पुढच्या सुया तो जाऊन घेईन म्हणाला. वयनी सोबत जाईल. म्हणजे घेईल.

१७ सप्टें., रवि.

प्र.चा पुण्याहून फोन. प्रज्ञा, माझी जुनी विद्यार्थिनी, इथल्याच भीमनगरातली. बेडूक फाडताना रडायची. आता तिकडे प्रयोगशाळेत रेबीजच्या विषाणूवर नि वटवाघळांत राहणाऱ्या त्याच्या चुलतभावंडांवर काम करते. तिला सगळं कळवलं होतं. एकच विचारलं: दादाच्या अंगात ते शिरलंय की नाही, रक्त तपासून कळेल का?

नाही म्हणाली. रक्तात ते फिरतच नाही. नसेत, म्हणजे मज्जातंतूत, शिरतं नि आतल्या आत मेंदूकडे सरकतं, कधी कधी महिनोन् महिने. “मॅडम, तुम्ही मला विचारताय. पण दादांच्या शरीरालाच पत्ता नसेल.”

कसं, ते पुढे सांगितलं. लिहून ठेवते. लिहिल्याशिवाय मला नीट घाबरताही येत नाही.

प्रत्येक पेशीत पहारेकरी असतात. लस, प्रतिपिंडं यांच्या फार आधीचे, जन्मजात. परक्या विषाणूचा धागा दिसला की ते दवंडी पिटतात. दवंडीचं नाव इंटरफेरॉन. ती ऐकून शेजारच्या पेशी दारंखिडक्या लावून घेतात. रेबीजवाला तसा गरीब घरचा, जनुकं अवघी पाच. पण वागणं पाहा. एक प्रथिन धाग्याभोवती घोंगडीसारखं लपेटलेलं, त्यामुळे पहारेकऱ्याला धागा दिसत नाही. दिसलाच तर दुसरं प्रथिन पुढे होतं. त्याचं नाव नुसतं ‘पी’. हा पी आधी दवंडीच दाबायला बघतो. तरी ती पिटली गेली, तर ती ऐकून पेशीतला निरोप्या केंद्रकाकडे धावतो, आत जाऊन हुकूम काढायला. पी त्याला दाराबाहेरच धरून ठेवतो. मारत नाही. धरून ठेवतो.

म्हटलं, प्रज्ञा, हा पी म्हणजे साहेबांचा पी. ए. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, बसा.’

खूप हसली. मग म्हणाली, वटवाघळांतल्या भावंडांतही थोड्याफार फरकानं हाच पी. ए. बसलेला सापडतो. खानदानी खोड. प्रयोगशाळेत पी मोडका करून सोडला तर विषाणू लुळा पडतो, उंदीर जगतात. म्हणजे जगभर ज्याची दहशत, त्याची निम्मी मर्दुमकी पी. ए.ची.

आणि पेशी घाईनं मारत नाही. घर जाळलं तर गाव जागं होईल. हा भाडेकरू भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही.

लस म्हणजे बाहेरून आणलेली दवंडी. पण ती विषाणू नसेत पक्का बसायच्या आत वाजायला हवी.

कॉलेजमागच्या चिंचेवरच्या वटवाघळांत आहे का ती चुलतभावंडं, विचारलं. “कुणी नीट शोधलंच नाही, मॅडम.” आपल्याकडे न शोधलेलं म्हणजे नसलेलं.

नंतर दादाला फोन. पाणी पितोस ना नीट? तो म्हणाला थांब. भांड्याचा आवाज. रिसीव्हर तोंडाशी धरून घट घट घट.

“आलं ऐकू, मास्तरीनबाई? लिहून घे. आज जित्ता हाये.”

२९ सप्टें., शुक्र.

आता रोज रात्रीच्या जेवणाआधी त्याचा फोन, नि शेवटी ते घट घट. तांब्याच्या पेल्याचा आवाज वेगळा, स्टीलचा वेगळा, हे मला कळायला लागलंय.

आज वयनी बोलता बोलता बोलून गेली. चौथ्या खेपेला डॉक्टरनं बाटली तिच्या हातात दिली होती, कापूस आणेपर्यंत. कोमट होती. ‘कोमट म्हणजे?’ ‘म्हंजे चुलीपाशी ठेवलेल्या पान्यासारखी वो.’

लोडशेडिंग. दिवसाचा जास्त वेळ वीज नाही, हे मी दोन ‘टोचण्यां’त लिहिलंय. तिसऱ्यांदा लिहू नका म्हणाले संपादक, वाचक कंटाळले. त्या डॉक्टरच्या फ्रीजलाही हीच वीज येते, हे सुचलं नाही. त्याच्या फ्रीजमध्ये काय काय असतं विचारलं. लस, आणि भेंडी.

प्र.ला फोन. किती वेळ वीज नव्हती ते विचारलं. मग म्हणाली, गरम झालेली लस मेली असेल किंवा नसेल, बाटलीकडे पाहून कळत नाही. पुन्हा पहिल्यापासून सगळी द्या. ताजी, बर्फातली. आणि सीरम? आता इतक्या उशिरा फारसे डॉक्टर देणार नाहीत म्हणाली. “मॅडम, वाट नका बघू.”

विषाणू दिसत नाही. लस मेली ते दिसत नाही. पहारेकऱ्यालाही काही दिसत नाही. ज्याला त्याला दिसतो तो फक्त बीटीचा पाला.

३० सप्टें., शनि.

लस नागपुरात आहे. प्र. आईवडिलांसोबत दीक्षाभूमीला जातेय, यंदा धम्मदीक्षेला पन्नास वर्षं. ती स्वतः विकत घेऊन बर्फात भरून देईल. पण आणायची कशी? दसऱ्यामुळे बसमध्ये उभं राहायला जागा नाही. आपलं डबडं कुणाच्या मांडीवर वितळेल सांगता येत नाही.

संपादकच म्हणाले, भा. सां.ची गाडी नागपूरला असतेच. विचारून बघतो. तासाभरात उत्तर. गाडी काय, बर्फाची पेटीसुद्धा देऊ. ‘बाईंच्या भावाचं काम म्हणजे आपलं काम.’ जाता जाता, दसऱ्याला जिनिंगच्या पूजेच्या वेळी दिग्रसच्या गुणीजनांचा छोटा सत्कार ठेवलाय, बाईंनी यावं. आग्रह नाही.

आग्रह नाही!

२ ऑक्टो., सोम. दसरा

शाल-श्रीफळ मिळालं. शाल बरी आहे, लोकर नाही पण तसं भासवते. भा. सा. भाषणात म्हणाले, बाईंची लेखणी म्हणजे आमचं इंजेक्शन, टोचतं पण गुण येतो. टाळ्या. मीही वाजवल्या. मागे काटा होता, त्यालाही झेंडूची माळ.

स्टेजवरून उतरताना ध्यानात आलं. निरोप्याला मारत नाहीत. दाराशी बसवून घेतात.

दुपारी गाडी आली. ड्रायव्हरनं पेटी हातात दिली तेव्हा बोटं बधिर झाली गारव्यानं. इतकं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. पेटी तशीच घेऊन पुढे महागावला, त्याच गाडीतून. दुसऱ्या डॉक्टरकडे, ज्याच्याकडे जनरेटर आहे. दादा म्हणाला, पुन्हा पयल्यापासून? इस्पिकच्या डावासारखं? पण बाही वर केली.

या आठवड्याची ‘टोचणी’: डासांवर.

१५ ऑक्टो., रवि.

सकाळी वयनी. दादाला ताप. थंडी वाजून. अंग मोडून आलंय.

पहिल्या जीपनं. वाटेत प्रत्येक गावात लोक म्हाताऱ्यासारखे वाकून चाललेले. चिकनगुनिया. अर्ध्या जिल्ह्याला झालाय. तरणेताठे गडी भिंत धरून संडासला जातात. जीपमधली बाई त्या डासाच्या सात पिढ्या उद्धारत होती. आणि मी मनात म्हणत होते, चिकनगुनियाच असू दे. बाकी काही नको, चिकनगुनिया दे.

दादा खाटेवर. डोळे लाल. रेबीजची सुरुवातही तापानंच होते, आणि जखमेच्या जागी मुंग्या येतात. म्हणून एकच विचारलं. हात दुखतो, तो एकच का दोन्ही?

“दोन्ही. अन् गुडघे. अन् घोटे. तुले कोनता पाह्यजे थो सांग, उचलून देतो.”

मला रडू आलं का हसू, कळलं नाही. वयनीनं घाबरून माझ्याच कपाळाला हात लावला. मग त्याला पाणी दिलं. प्यायला. दोन पेले. खाटेभोवती शेजारचे तिघे उभे होते, तेही घोटाकडे पाहत होते.

प्र.चा हिशोब फोनवरून: चिकनगुनियात शरीर जोरात दवंडी पिटतं. ताप, ठणका, तो त्या दवंडीचाच गोंगाट. म्हणजे दादाचं ढोल-ताशा पथक शाबूत आहे. बरं वाटलं ऐकून. मग ती शास्त्रज्ञ असल्यामुळे पुढे म्हणालीच, “पण मॅडम, एक आजार असला म्हणून दुसरा नसतो असं नाही.”

१६ ऑक्टो., सोम.

तिथेच राहिले. ताप उतरतोय. सांधे धरलेत. मूठ मिटत नाही.

निघताना वयनी फाटकापर्यंत आली. हळूच म्हणाली, उजव्या मनगटात थोड्या मुंग्या येतात म्हणतात. दोन्ही हातांत का? ‘दोन्ही म्हनते. पन घासते उजवंच.’

बसमध्ये माझं स्वतःचं मनगट घासत आले.

२१ ऑक्टो., शनि. दिवाळी

मुंग्या गेल्या म्हणाला. कधी? ‘गेल्या तं गेल्या, पावती देत नाईत.’ चिकनगुनियाच्याच होत्या असं धरून चालायचं. दुसऱ्या खेपेच्या सुया चालू आहेत.

फटाके. गल्लीतली कुत्री घरात शिरून टेबलाखाली लपलेली. त्यांच्याकडे पूर्वीसारखं बघवत नाही. त्यांचा काय दोष, पण बघवत नाही.

१२ नोव्हें., रवि.

सुया संपल्या. प्र. म्हणाली, आता प्रतिपिंडं तपासता येतात, पण त्यातून एवढंच कळेल की लस लागली. विषाणू त्याआधी नसेत निसटला होता की नाही, ते त्यातही कळत नाही. मग कशाला? दादा म्हणाला, रगत ठेवून घेऊ, हिवाळ्यात कामी पडते.

म्हणजे आता वाट पाहायची. किती? काही महिने, बहुधा. कधी वर्षही. प्र. ‘बहुधा’ हा शब्द इतक्या जपून वापरते की काचेच्या भांड्यासारखा खाली ठेवते.

संपादक: ‘टोचणी’ बोथट झाली म्हणतात लोक. लोकांना सांगा, लोडशेडिंग आहे.

९ डिसें., शनि.

दादाचा कापूस दिग्रसात आला. भा. सां.च्या जिनिंगवर, कारण दुसरीकडे रांग. मी गेटवर भेटायला गेले. काट्यापुढे दोन दिवसांच्या गाड्या. एक जण मुकादमाला आईवरून शिव्या देत होता, दुसरा सरकारला, तिसरा सगळ्यांना मिळून. दादा गाडीच्या चाकाला टेकून बसलेला. गप्प.

हा कधी गप्प नसे. काट्यापाशी तर नाहीच. मागच्या साली त्यानं मुकादमाला म्हटलं होतं, तुमचा काटा पाहून माह्या बायकोनं वजन कराले याचं ठरवलं हाये. सगळं जिनिंग हसलं होतं. गेल्या दोन वर्षांत गावात जे फवारणीचं औषध पिऊन गेले, त्यांच्याबद्दल लोक नंतर हेच सांगायचे. ओरडणारे नव्हते ते. गप्प झाले होते. कुणाला काही वाटलं नाही. ओरडणाऱ्याची आम्ही काळजी करत बसलो.

मग कळेना, मी विषाणूला भ्यावं की या गप्पपणाला.

गाडी काट्यावर चढली. वजन झालं. माशी हलकी झाली. दादानं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही मुकादमाकडे पाहिलं नाही. मुकादम मात्र मला वाकून नमस्कार करून म्हणाला, बाई, शाल आवडली काय?

नंतर टपरीवर चहा. सोबत पाण्याचा ग्लास आला. मी त्याच्या हाताकडे पाहत होते, टपरीवाला माझ्याकडे. दादानं ग्लास उचलला, पुन्हा ठेवला.

“शाले, मले मरनाचं भेव नाई वाटत. तुमी पाह्यता त्याचं वाटते. मी पानी प्याले घेतो तं सारं घर थांबते. तुही वयनी पोळी लाटता लाटता थांबते. घोट घशात जाईस्तोवर कोनी श्वास घेत नाई. मंग मलेच वाटते, आता जाते का नाई आत.”

मी मान वळवली. रस्त्याकडे पाहत बसले. पलीकडे ट्रॅक्टर, कापसाचे पुंजके तारांना लटकलेले. मागे तो प्यायला असावा. ग्लास ठेवल्याचा आवाज झाला. रिकाम्याचा की भरल्याचा, ते कळलं नाही. वळून पाहिलं नाही.

१० डिसें., रवि.

वयनीला सांगितलं, आता नाही पाहायचं. मीही विचारणार नाही. कबूल झाली. रात्री त्याचा फोन. विचारलं नाही. शेवटी तोच म्हणाला, थांब. आणि घट घट घट. ‘ह्यो फुकट. न मांगता.’

२४ डिसें., रवि.

काट्याची ‘टोचणी’ लिहिली. मुकादमाच्या नमस्कारासकट. संपादकांनी वाचली, चष्मा काढला, पुसला, घातला. छापू म्हणाले. जागा झाली की.

साहेब मीटिंगमध्ये आहेत.

१४ जाने. २००७, रवि. संक्रांत

अजून जागा झाली नाही. शाल काढून प्रयोगशाळेतल्या सापळ्यावर घातली आहे, बारावीच्या. पोरं विचारतात हे कोण. गुणीजन.

दादानं नवी गाय आणली. काळी, पांढऱ्या पायाची. ढेप आता पाण्यात भिजवून मऊ करून घालतो. तोंडात हात घालणार नाही म्हणाला. मग म्हणाला, घातलाच तं तुले इचारून घालीन.

प्र.ला सांगितलं, चार महिने झाले. म्हणाली, छान आहे मॅडम. ‘छान’ही तिनं जपूनच ठेवला.

४ फेब्रु., रवि.

रात्री दादाचा फोन. बराच वेळ बोलला. गाय लाथा मारते. त्याचे गुडघे अजून धरतात, चिकनगुनिया गेला पण भाडं सोडत नाही. मुकादमाला त्यानं काल काहीतरी म्हटलं म्हणे, सगळे हसले. काय म्हटलं ते सांगताना स्वतःच इतका हसला की ठसका लागला. नीट कळलंच नाही मला. परत सांग म्हटलं, तर म्हणाला जाऊ दे, भेटल्यावर. ठेवतो.

ठेवला.

पोळी तव्यावर टाकली आणि ध्यानात आलं. घोट ऐकवला नाही.

विसरला असेल. गप्पांत होता. विसरला असेल, तर त्याच्या डोक्यातून ते गेलं म्हणायचं, आणि त्याहून चांगलं काय. ठसक्यानंतर पाणी प्यायलाही असेल, फोन ठेवून. लोक पितातच. मीच म्हटलं होतं, विचारणार नाही.

पोळी जळली. फोनजवळ उभी आहे. विचारणार नाही.